गव्हासाठी कूलर

डिसेंबरात सगळी अमरावती कानटोप्या शोधत असते, तेव्हा आमच्या शेजारच्या गावंडे काकांचा कूलर सुरू असतो. काकांसाठी नव्हे, गच्चीवरच्या कुंडीतल्या गव्हासाठी. काका स्वतः स्वेटर, मफलर आणि वर गोधडी गुंडाळून शेजारी कुडकुडत बसलेले.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, रिटायर माणूस, महिने विसरला असेल.

"काका, गव्हाले कूलर काहून?"

"जर्मनीचा गहू हाय. पोरगी तिकडं असते, मागच्या खेपेले एकटीच आली तवा मूठभर घेऊन आली होती. तिकडं थो हिवाळाभर बर्फाखाली झोपते. कडक थंडी खाल्ल्याबिगर ओंबीच धरत नाई. आपल्या गव्हाले थंडी आवडते, याले लागते. समजून राहिलं का?"

"नाई."

"मले बी नाई."

हे काकांचं पालुपद. विजेच्या बिलापासून जावयाच्या नोकरीपर्यंत काहीही तासभर समजावून सांगायचं आणि शेवटी आपणही गोंधळलो आहोत हे मोठ्या समाधानानं जाहीर करायचं.

मी विचारलं, मग तिकडे हिवाळ्यात आपली ज्वारी का पेरत नाहीत? "गारठ्यानं मरन नं बापा!" काका खेकसले. म्हणजे एकाला थंडी मारते, दुसऱ्याला तारते. माझं डोकं आणखी गरगरलं.

जानेवारीत काका बर्फाची लादी आणून कुंडीत फोडू लागले. मला राहवेना. "एवढा खटाटोप कायले?"

काकांनी बर्फाचा तुकडा कुंडीत दाबला. "नातवानं हे घर अजून पाह्यलंच नाई. त्याच्या सुट्ट्या उन्हाळ्यात. पोरगी म्हणते, बाबा, आपला उन्हाळा त्याले सोसणार नाई. ओंबी आली की फोटो पाठवतो. तिले म्हणतो, पाह्य, तिकडचं इकडं जगते."

त्या दिवसापासून मीही रोज गच्चीवर डोकावू लागलो.

फेब्रुवारीत बाजूच्या कुंडीतला आपला लोकवन गहू ओंब्यांनी वाकला. जर्मन गहू मात्र नुसता हिरवागार, लॉनसारखा. पुढे ऊन तापलं आणि ओंबी न धरताच तो वाळला. मला फार वाईट वाटलं.

एप्रिलात गच्चीवर कूलर दिसेना, म्हणून काकांकडे गेलो. काका तो मधल्या खोलीच्या खिडकीत बसवत होते. नवा वाळा भरलेला. आत एक छोटी खाट, वर धुतलेली चादर.

"येऊन राहिले का पोरीकडचे?"

"नाई," काका म्हणाले. "पण खोली थंड असली पाह्यजे. समजून राहिलं का?"

पहिल्यांदाच मला सगळं समजलं होतं.

"नाई," मी म्हटलं.

"मले बी नाई," म्हणत काकांनी कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं.