ताईंची गरिबी दिसावी म्हणून

घरमालक म्हणून माझा एक लौकिक आहे: माझा भाडेकरू मला सोडून जात नाही! पण वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंचा हात मोडला, भाडं थकलं आणि त्या मुकाट्यानं बांधाबांध करू लागल्या. आता त्यांच्या मशीनच्या खडखडाटाशिवाय माझी दुपार सरत नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात नवा कायदा आला. भाडं थकलं की मालकानं समाजकल्याण खात्याला नुसतं कळवायचं. ऑफिसरबाई घरी येऊन मदत सुरू करतात. मी लगेच कळवलं.

ऑफिसरबाई येणार त्या सकाळी वर डोकावलो, तर घर लख्ख!

"ताई, हा थाट बघून कोण मदत देईल?"

"मग काय, पाहुण्यांना पसाऱ्यात बसवू?"

त्या प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेल्या आणि मी कामाला लागलो. खुर्च्या, पंखा, पडदे, सगळं खाली माझ्या खोलीत आणलं. शिवणयंत्रानं तर जिन्यातच माझी कंबर धरली. वर उरली एक चटई. ती पाहून मलाच ताईंची दया आली.

ऑफिसरबाई आल्या, त्यांनी वरची खोली पाहिली आणि पाणी प्यायला माझ्याकडे टेकल्या. मशीनमध्ये अर्धवट शिवलेला फ्रॉक होता.

"हे तुम्ही शिवता?"

"छे, ताईंचं मशीन आहे."

"या खुर्च्या?"

"त्यांच्याच."

"भाड्यापायी भाडेकरूचं सामान उचललंत? नव्या कायद्यात हा गुन्हा आहे."

तेवढा भाग मी वाचला नव्हता. "अहो, त्यांची गरिबी दिसावी म्हणून..."

"म्हणजे आम्हाला फसवायला?"

ताईंना मिळणारी मदत मीच घालवली होती. एवढ्यात ताई धापा टाकत दारात आल्या. मशीन पाहून त्यांना सगळं उमगलं.

"बाई, यांना काही करू नका. हात मोडल्यापासून दोन्ही वेळचं जेवण काका वर आणून देतात. भाड्याचा एकदा विषय काढला नाही. मन फार चांगलं आहे. डोकं मात्र..."

ऑफिसरबाई हसल्या. "आजोबा, मदतीला थकलेलं भाडं पुरतं. घरात खुर्च्या किती, हे कायदा विचारतच नाही. हात बरा होईपर्यंत ताईंचं भाडं आम्ही देऊ. पण सामान इथे कसं, ते मला लिहावं लागेल. दुष्टपणा लिहू की मूर्खपणा?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या राहणार होत्या.

"मूर्खपणा," मी म्हणालो. "जरा ठळक लिहा."