चिमटेवाले डॉक्टर म्हात्रे

वेदना-उपचाराच्या पदव्युत्तर वर्गाला डॉक्टर म्हात्रे पहिल्याच रविवारी दोन्ही कानांना कपड्यांचे चिमटे लावून आले. कान लालबुंद, चेहरा मात्र सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखा प्रसन्न.

वर्ग उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात भरायचा. शिकणारे डॉक्टर, नर्स आणि माझ्यासारखे फिजिओथेरपिस्ट, बहुतेक तिशीतले. म्हात्रे साठीचे. बदलापूर गावात त्यांचा जुना दवाखाना. मी अंबरनाथ पश्चिमेची, वाटेतली, म्हणून त्यांच्याच गाडीतून जायचे-यायचे. परत येताना चिमट्यांबद्दल विचारलं.

"आपल्याला दुखल्याबिगर दुसऱ्याचं कसं कलनार, गो बाय?" रंगात आले की त्यांची आगरी बोली अशी वर यायची.

मज्जातंतूंच्या तासाला ते बुटात कच्चे हरभरे घालून आले. सांधेदुखीच्या आठवड्यात गुडघ्याला लाटणं बांधलं आणि तसेच गाडी चालवायला बसले. त्या दिवशी मी रिक्षा केली.

शिकवणाऱ्या मॅडम सिंधी, स्वभावाने फार शांत. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाब, किताबमध्ये सगळं लिहिलंय. नुसतं वाचलं तरी चलेगा."

"वाचलं ना मॅडम. पण किताबाला दुखत नाही."

मग पेशंटशी बोलायचा सराव आला. मी डॉक्टर, म्हात्रे पेशंट, आजार मुतखडा. मी "कुठं दुखतंय?" एवढंच विचारलं आणि त्यांनी अशी काही बोंब ठोकली, की खालच्या मजल्यावरून दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. म्हात्रे सोंग सोडायला तयार नाहीत. विव्हळत थेट सोनोग्राफीच्या दारापर्यंत गेले. तिथल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "काका, भरपूर पाणी प्या, मग नंबर लागेल." ते प्यायलेसुद्धा. पुढचा सगळा तास त्यांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत काढला.

परीक्षा तोंडावर आली आणि एका रविवारी म्हात्रे आलेच नाहीत. फोनही उचलेनात. संध्याकाळी मी त्यांचं घर गाठलं.

डॉक्टर बनियनवर शिलाई मशीनपुढे बसले होते. चष्मा कपाळावर, तोंडात दोऱ्याचं टोक. "बरं झालं आलीस. जरा सुईत दोरा ओवून दे."

आतल्या खोलीत काकू, डॉक्टरांच्या पत्नी, होत्या. मशीन चालवता चालवता डॉक्टरांनी सांगितलं, वर्षापूर्वी त्यांना नागीण झाली होती. फोड बरे झाले, आग तशीच राहिली. औषधांनी थोडा उतार पडायचा, पण पाठीला कापड लागलं की भाजल्यासारखं व्हायचं. म्हणून पाठ उघडी टाकून, दार लावून त्या घरातच बसायच्या. गाडीत जगभरची बडबड करणाऱ्या या माणसाने हे मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

जुन्या मऊ धोतराचा गाऊन शिवून झाला. काकू तो घालून सावकाश बाहेर आल्या.

"अहो, उलटा शिवलाय. शिवण सगळी बाहेर दिसतेय."

"बाहेरच पायजे. आतून टोचते तुला."

काकूंनी खांदे हलवून पाहिले. डावा, मग उजवा. डॉक्टर मशीनचं चाक हातात घट्ट धरून बसले होते.

"समोर वहिनींकडे जाऊन येते," काकू म्हणाल्या.

"थांब, मी येतो."

"कशाला? जाते मी."

त्या गेल्या. डॉक्टर खिडकीशी उभे राहिले. थोड्या वेळाने पलीकडच्या ओट्यावरून दोन बायकांचं हसणं ऐकू आलं.

"चहा टाकतो," असं भिंतीकडे बघत म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत. गॅस पेटवल्याचा आवाजही आला नाही.