कप कुठं ठेवू?

आमच्या बेबीआत्याच्या हातात चहाचा कप दिला की ती तो लगेच पीत नाही. आधी बसते. मग हात लांब करून कप टेकवायला जागा शोधते. उजवीकडे, डावीकडे, समोर. जागा सापडली नाही की घरच्या माणसाकडे बघून अगदी गरीब आवाजात विचारते, "कप कुठं ठेवू?"

हा प्रश्न ज्या घरात निघाला त्या घराचं मग काही खरं नाही. तासाभरात सोफा भिंतीपासून सुटतो, फोटो खाली उतरतात आणि घरचा कर्ता पुरुष स्टुलावर चढून खिळे उपटताना दिसतो. आमच्या नात्यातल्या बहुतेक कर्त्या पुरुषांना मी त्या स्टुलावर पाहिलेलं आहे.

बेबीआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. राहणार धारची, वय सत्तरीच्या पुढे, तरी अजून बेबीच. घरं सजवण्याचं शिक्षण तिनं कुठंही घेतलेलं नाही. साधन म्हणाल तर पिशवीत एक पांढरा नाडा. परकराचा, ठिकठिकाणी गाठी मारलेला. नाड्याचं टोक पायाखाली दाबायचं आणि वर ओढायचं. पहिली गाठ म्हणजे बसलेल्या माणसाचा डोळा, दुसरी गाठ उभ्या माणसाचा. चित्र या दोन गाठींच्या मध्येच हवं. मनावर गावातल्या माझ्या मावसभावानं स्वतःच्या लग्नाचा फोटो दाराच्याही वर टांगला होता. आत्यानं मान उंच करून तो पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. जिराफ येतात का तुमच्याकडे?"

तिची अशी वाक्यं आमच्या गोतावळ्यात वर्षानुवर्षं फिरतायत. खिडकीच्या खाली वीतभर येऊन थांबलेल्या पडद्याला ती "आखूड झालेला शाळेचा परकर" म्हणते. चारी भिंतींना खुर्च्या चिकटवलेल्या दिसल्या तर, "कोण गेलं? तेराव्याला बसल्यासारखे का बसलात?" आणि खोलीत डोक्यावर एकच लख्ख दिवा असेल तर, "मला चौकशीला बोलावलंय का?" छत सजवणाऱ्यांवर तर तिचा विशेष राग. "वर कोण बघतंय?" एवढाच तिचा निकाल.

लोक चिडत का नाहीत? मलाही हे कोडं होतं. पण ती गेल्यावर आपण आपल्याच खोलीत बसतो, हात सहज बाजूला जातो आणि तिथं कप ठेवायला जागा असते. मग चिडायचं राहून जातं.

आणखी तीन खोडी सांगायला हव्यात. एक, सगळं बघून झालं की शेवटी ती खोलीच्या मधोमध जमिनीवर उताणी पडते आणि वर बघत राहते. का, ते कुणी विचारलेलं नाही. दोन, मोबदला म्हणून घरातली एक बिनकामाची वस्तू मागून नेते. उरलेली पडद्याची पट्टी, तोरणाचा तुटका गोंडा, माळ्यावरचा पतंग. वय झालं की हाव सुटते, असं आम्ही आपसात म्हणत असू. आणि तीन, मुक्काम कधीच नाही. शेवटच्या बसच्या आधी परत. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पक्षाघातानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले. दिवसा शेजारीण त्यांच्यापाशी बसते. आम्हा कुणाला मात्र ती भेटायला येऊ देत नसे. "बघायला कशाला येता? ते काय नवरी मुलगी आहेत?"

आता आमच्या हॉलबद्दल.

गेल्या हिवाळ्यात मी आमचा देवासचा हॉल नवा केला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला या विषयात गती आली आहे असं मला वाटू लागलं होतं. माझ्या वयाच्या माणसाला असं काही वाटू लागलं की घरच्यांनी वेळीच आवरावं. कुणी आवरलं नाही. छताखाली दुसरं छत आलं, त्यात लपलेले जांभळे दिवे आले, मधोमध काचेच्या लोलकांचं झुंबर आलं. खिडकीला लागून कोपऱ्यात वळणारा अजस्र सोफा, मागे मखमली पडदे. बाबांची वेताची खुर्ची मॅच होत नव्हती, म्हणून ती गच्चीवर गेली.

सगळ्यांनी वाहवा केली. "क्या बात है भिया, एकदम होटल लग रहा है!" शेजारी म्हणाले, आणि मी आठवडाभर तरंगत होतो.

बाबा मात्र चार दिवस सोफ्याच्या कडेवर, परक्याच्या घरी बसावं तसे बसले. मग दाराबाहेरच्या ओट्यावर चपलांच्या रॅकपाशी स्टूल टाकून बसायला लागले. आणि एके सकाळी म्हणाले, "मी म्हणतो, आता धामनोदला धाकट्याकडे राहायला जावं."

"किती दिवस?"

"बघू. हवापालट होईल."

माझ्या धाकट्या भावाचं घर हायवेला लागून. रात्रंदिवस ट्रकचे हॉर्न आणि डिझेलचा धूर. तिथं हवापालटाला आजवर कुणी गेलेलं नाही. बाबांनी पिशवी भरून दाराशी ठेवली. बायको, अलका, मला म्हणाली, "अहो, चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चांगलं वागतायत. मला भीती वाटते."

मी आत्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसनं आली. सोफ्यावर बसली आणि त्यात जवळजवळ दिसेनाशी झाली. कप धरलेला हात तेवढा वर राहिला. "कप कुठं ठेवू?"

मी काचेच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"तिथपर्यंत रिक्षा करू?" मग एकदम आवाज बदलून, "दादा कुठं बसतात?"

अलकानं ओट्याकडे बघितलं. आत्या उठली, बाहेर गेली आणि चपलांजवळ बाबांच्या स्टुलाशेजारी उकिडवी बसून राहिली. आत येऊन ती प्रत्येक जागी बसली आणि शेवटी नव्या गालिच्यावर उताणी पडली.

"आत्या, बरं वाटत नाहीये का?" अलका घाबरली.

"गप गं. बघतेय." थोड्या वेळानं तिथूनच आवाज आला, "श्याम, टेकडी कुठंय?"

मी खिडकीकडे पाहिलं. तिथं मखमली पडदा होता.

आमच्या खिडकीतून माताजीची टेकडी दिसते. म्हणजे दिसायची. दुपारच्या झोपेतून उठलं की बाबा वेताच्या खुर्चीत बसायचे, टेकडीकडे बघून हात जोडायचे आणि मगच चहाला हात लावायचे. लहानपणापासून मी हे इतकं बघत आलो होतो की मला ते दिसेनासं झालं होतं.

"देवासला राहून टेकडीला पाठ करून बसतोस भिया?" आत्या उठत म्हणाली. "तेही पाहुण्यांसकट!"

पुढचे दोन तास मी स्टुलावर होतो. मखमल उतरली. सोफा सरकला, त्याचा एक भाग आतल्या खोलीत गेला. झुंबर बरोबर नजरेच्या वाटेत लोंबत होतं, आत्याच्या शिव्या खात तेही उतरलं. गच्चीवरची खुर्ची धुऊन आली. आत्यानं ती खिडकीकडे जराशी तिरकी ठेवली, बसून पाहिली, पुन्हा बोटभर सरकवली आणि उजव्या हाताला एक साधं लाकडी स्टूल ठेवलं.

"बाबांना बोलावू?" मी विचारलं.

"खबरदार. बोलावलेला माणूस पाहुणा होतो."

तिनं चहा केला, त्या स्टुलावर ठेवला आणि स्वतः लांब जाऊन बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाबा पाणी प्यायला आत आले आणि थबकले.

"हा चहा कुणाचा?"

"कुणाचाच नाही," आत्या म्हणाली. "निवतोय."

बाबा बसले. उन्हात टेकडी लख्ख दिसत होती, चढणारी माणसं मुंग्यांएवढी. बाबांनी हात जोडले. मग तिकडेच बघत, खाली न बघता, उजवा हात सोडला. कप तिथं होता.

अर्धा कप संपल्यावर म्हणाले, "श्याम, ती पिशवी दारातून उचल. अडखळेल कुणीतरी."

निघताना आत्यानं झुंबर मागितलं.

"त्याला तर तू शिव्या दिल्यास!"

"दिल्या. बांध."

ते बसमध्ये नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी गाडी काढली. धारला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. "इथंच ठेव आणि जा," ती दारात म्हणाली. पण ते धूड तिला उचलवणार नव्हतं. मी आत गेलो.

शेजारीण उठून गेली. खोलीत आतोबा उताणे पडले होते, फक्त डोळे जागे. छताचा पंखा काढून भिंतीला लावलेला. आणि छतावर इकडून तिकडे दोऱ्या, दोऱ्यांना चिमटे, चिमट्यांना आमची घरं. मनावरच्या मावसभावाचा पतंग. कुणाच्या पडद्याची पट्टी. कुणाच्या तोरणाचा गोंडा. मी तोंड उघडं ठेवून एकेक ओळखत राहिलो.

"अहो, हा आपला श्याम. देवासहून आलाय." आणि ती सांगत सुटली. सोफा, जांभळे दिवे, दादांची पिशवी. माझी नक्कलही केली. माझ्याकडे वळून म्हणाली, "उभ्यानं काय बघतोस? पड इथं."

मी आतोबांच्या शेजारी आडवा झालो. खालून सगळं वेगळंच होतं. पट्टी, पतंग, गोंडा, एकामागून एक. एक संपलं की नजर आपोआप दुसऱ्यावर जात होती. एवढी देखणी खोली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

आत्यानं झुंबराचा एक लोलक सोडवला, पिशवीतल्या गाठींच्या नाड्याला बांधला आणि पश्चिमेच्या खिडकीत टांगला. छतभर रंगांचे ठिपके सांडले. आतोबांचे डोळे त्यांच्या मागे फिरू लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि परत.

तिनं चहा आणला. मी उठून बसलो, हात बाजूला नेला. अर्थातच तिथं स्टूल होतं. आतोबांच्या बाजूला मात्र काहीच नव्हतं. ना स्टूल, ना फळी. शेवटी एकदा आत्याची चूक सापडली होती.

"आत्या, आतोबांचा कप कुठं ठेवतेस?"

त्यांच्या मानेखाली हात घालत तिनं माझ्याकडे पाहिलं. असा मूर्ख प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा.

"ठेवायचा कशाला? मी धरते की."