शिवांजलीचं आठ फांद्यांचं झाड

कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान उलटं करून शिवांजलीने त्यावर झाड काढलं. बुंध्याला दोन फांद्या, त्या प्रत्येकीला दोन, त्यांनाही पुन्हा दोन. शेवटी आठ टोकं. गुरुवारी धारूरच्या पेठेत, राहत्या घराच्याच पुढच्या भागात, तिच्या वडिलांचं, पंचाक्षरी अप्पांचं, नवं किराणा दुकान उघडायचं होतं. पुरणपोळीच्या जेवणाला तीन घरं बोलावली होती: उमापूरची आत्या, नांदूरघाटचा मामा आणि केजचे काका. लेकराबाळांसकट अनुक्रमे पंधरा, चौदा आणि बारा माणसं. तिघांनीही फोनवर एकच उत्तर दिलं होतं, "बघू, जमलं तर येतो."

या उत्तराचा अर्थ घरात आजवर कुणालाच लागलेला नव्हता. पण शिवांजली नुकतीच संख्याशास्त्राची पदवी घेऊन आली होती. तिने ट्रंकेतून फोटोंचे दहा अल्बम काढले. दहा कार्यक्रम, दहा अल्बम. उमापूरकर पाच कार्यक्रमांत दिसले. नांदूरघाटकर पाच. केजकरही पाच.

"म्हणजे प्रत्येक घर येण्याची शक्यता निम्मी," ती अप्पांना म्हणाली. "आता ही फांदी बघा. आत्या आली, मामा आला, काकाही आले. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. आठात एक. उरलेल्या सात वेळा कुणी ना कुणी गळतंच. आणि एक जरी घर गळालं, तरी जास्तीत जास्त एकोणतीस माणसं."

"मंग?"

"मग तीस पानांचं पुरण घाला. एक्केचाळीस पानांचं कशाला?"

अप्पांचे डोळे चमकले. मागच्या कार्यक्रमाचं उरलेलं पुरण आठवडाभर गल्लीतल्या म्हशींनी खाल्लं होतं.

"अहो, पाहुणे हायत," चुलीपाशी बसलेल्या तिच्या आई, शिवम्मा, म्हणाल्या. "झाड बघून येत नसत्यात."

"तू गप बस. पोरगी शिकलेली हाय."

हीच वेळ साधून शिवांजलीने मूळ विषय काढला. पुण्यात तिला एमएस्सीला जागा मिळाली होती. कागद घेऊन शुक्रवारी दुपारच्या आत तिथे उभं राहायचं होतं, नाहीतर जागा पुढच्याला जाणार होती. अप्पा महिनाभर "बघू" म्हणत होते.

"बरं," अप्पा म्हणाले. "तीस पानांत भागलं तर जा पुण्याला. न्हाई भागलं तर गल्ल्यावर बस."

शिवम्मांनी लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि फोन घेऊन परसात गेल्या.

गुरुवारी सकाळी पूजा झाली. गल्लीतल्या लोकांना चहा आणि उप्पीट होतं, जेवण फक्त पाहुण्यांना. साडेअकरा वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. शिवांजली मनातल्या मनात बॅग भरत होती. बाराला पाच कमी असताना पेठेच्या तोंडाशी मोठा हॉर्न वाजला आणि सोमनाथचा टेंपो गर्दीतून वाट काढत दुकानासमोर येऊन थांबला. सोमनाथ उमापूरचा. आत्याच्या घराशेजारीच राहायचा. त्याने मागचं फळकूट खाली पाडलं.

आधी आत्या उतरली. मग आत्याची माणसं. मग मामी. मामीच्या मागे नांदूरघाट. शेवटी काठी टेकत केजचे काका उतरले आणि त्यांच्या मागे राहिलेलं केज. बायकांच्या काखेत पोळपाट आणि हातात लाटणी होती, पण ते बघण्याच्या मनःस्थितीत शिवांजली नव्हती. ती मोजत होती. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

"आत्या, तुम्ही सगळे एकत्र कसे?"

"एकत्रच येतो की गं. उमापूरहून निगालं की नांदूरघाट वाटंतच हाय, केज बी वाटंतच हाय. एकट्या घराला टेंपो परवडतोय व्हय?"

"आणि टेंपो नसला तर?"

"तर कोनीच न्हाई. तुज्या बारशाला सोमनाथचा टेंपो बंद पडलता. आलतं का कोनी?"

शिवांजली आतल्या खोलीत गेली आणि अल्बम पुन्हा उघडले. उमापूरकर पाच अल्बमांत होते. नांदूरघाटकर त्याच पाच अल्बमांत. केजकरही त्याच पाच. एका फोटोत तर मागे टेंपोसुद्धा उभा होता. तिने तीन वेगवेगळी नाणी उडवली होती, आणि नाणं मुळात एकच होतं.

पण वेळ रडायची नव्हती. अकरा पानं कमी पडत होती. तिने नव्या पानावर नवं झाड काढलं. मंजुळाबाई, वत्सलाबाई आणि सारजाबाई या तीन शेजारणी. दुपारी प्रत्येक जण चारातल्या तीन वेळा घरी असते. तिघीही नसण्याची शक्यता चौसष्टात एक. पुरण नसलं तरी साध्या पोळ्या, गूळ, काहीतरी मिळेलच. ती मागच्या दाराने पळाली.

मंजुळाबाईंच्या दाराला कुलूप. वत्सलाबाईंच्या दाराला कुलूप. सारजाबाईंचं कुलूप तर नवंकोरं होतं. ती धापा टाकत दुकानात परतली, तर तिघी एका सतरंजीवर बसून उप्पीट खात होत्या.

"तुम्ही घरी का नाहीत?" शिवांजली जवळजवळ ओरडलीच.

"कावून?" सारजाबाईंनी घास थांबवला. "परवा तूच बोलवायला आलतीस की. उठून जाऊ का?"

तेवढ्यात अप्पा आले. त्यांचा चेहरा उकडलेल्या डाळीसारखा झाला होता. "शिवू, पंगत बसली. एकोणतीस म्हनलीस ना तू?"

"अप्पा, ते बाकीच्या सात फांद्यांवरचं होतं. आपण आठव्या फांदीवर बसलोय."

"मंग उतरायचं कसं?"

उत्तर शिवम्मांनी दिलं. त्यांनी दुकानामागच्या कोठीचं दार उघडलं, साखरेच्या पोत्यांआडून एक मोठं पातेलं ओढलं आणि वरचं फडकं काढलं. आत पुरण होतं, वाटलेलं, वेलदोड्याच्या वासाचं. शेजारी भिजवलेली कणीक. आत्या आणि मामीने बसकण मारून पोळपाट मांडले.

"वन्संला म्यां परवाच सांगितलतं लाटणी घेऊन या म्हनून," शिवम्मा म्हणाल्या. "टेंपो ठरला का, तेवडंच इचारलं. ठरलाय म्हनल्या."

एक्केचाळीस माणसं जेवली. काकांनी पाच पोळ्या खाल्ल्या.

पंगत उठल्यावर अप्पांनी ते कॅलेंडरचं पान हातात घेतलं आणि बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. शिवांजली गल्ल्याकडे बघत उभी होती.

"एवडं शिकून बी टेंपो दिसला न्हाई तुला," अप्पा म्हणाले. "शिक्षान अर्धवट ऱ्हायलंय तुजं. अर्धवट शिकलेलं मानूस गल्ल्यावर बसवलं तर दुकान बुडंल माजं. जा पुण्याला. पुरतं शिकून ये."

शिवांजलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती धावत कोठीत गेली.

"आई, तुला टेंपो ठरल्याचं परवापासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस?"

शिवम्मा पातेलं पुसत होत्या. "बोलले असते तर तुजा हिशोब बरूबर आला असता."

"मग चांगलंच होतं की!"

"बरूबर आला असता तर तुजे अप्पा म्हनले असते, पोरीला समदं येतंय, आता आनिक कावून शिकायचं? पंचवीस वर्सं झाली वळखते त्यांना."

बाहेर सोमनाथने हॉर्न वाजवला. शिवम्मांनी साखरेच्याच पोत्याआडून शिवांजलीची भरलेली बॅग काढली. वर कागदांची पिशवी, तिच्यावर फडक्यात बांधलेल्या चार पोळ्या.

"केजहून पुण्याची गाडी हाय. काका बशिवतील. सोमनाथला जागा ठिवायला परवाच सांगितलंय."

टेंपोतून एक्केचाळीस आले होते. जाताना बेचाळीस गेले.