खानोलकर साहेबांचे खडे

आमच्या सोनिवलीच्या बिल्डिंगमधले खानोलकर साहेब लोकांचे तांदूळ निवडून द्यायचे. फुकट. वर तत्त्वज्ञान, तेही फुकट.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते क्वालिटी कंट्रोलचे ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सुटलं. बायको आधीच गेलेली, मुलगा बडोद्याला. मग हे आमच्या शेजारी राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातली परात ओढून घेत म्हणाले, "वहिनी, तुम्ही तांदूळ निवडत नाही, तांदळाशी भांडताय."

आता आली का पंचाईत! पण खरं सांगते, माणूस कामाचा निघाला. पाड्यांवरच्या बायका नवे तांदूळ विकायला आणायच्या. चवीला फर्स्ट क्लास, पण खळ्यातले अर्धे खडे सोबत. साहेब दारात खुर्ची टाकून, इस्त्रीच्या शर्टात, चष्मा नाकावर घेऊन निवडायला बसायचे. खड्याला ते 'रिजेक्शन' म्हणायचे आणि प्रत्येक रिजेक्शनमागे एक बोध काढायचे. खडा निघाला की राग सोडायला शिका. किडा निघाला की सहनशीलता. टरफलासकट दाणा आला की अहंकार. मला तर पुढे पुढे भात जेवताना अहंकारच दाताखाली येतोय असं वाटायचं.

मन शांत करायचंय ना, मग घ्या किलोभर निवडायला, हे त्यांचं सगळ्यांवरचं औषध. सासू-सुनेचं वाजलं, किलोभर. पोरगं दहावीत आपटलं, दोन किलो. आमच्या ह्यांनी चांगले पैसे भरून मनःशांतीचं शिबिर केलं होतं. तिथून आले आणि चहात साखर कमी म्हणून कप आपटला. आवाज ऐकून साहेब परात घेऊनच आत आले. हे अर्धा तास निमूट निवडत बसले. नंतर मात्र म्हणाले, डोक्याला ताप आहे हा म्हातारा.

मग उल्हासनगरला कॅम्प दोनच्या दुकानांत मशीनने साफ केलेला तांदूळ आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पांढराशुभ्र, खडा औषधालाही नाही. आम्ही बायका हरखलो, पाड्यांवरच्या बायकांचं येणंही थांबलं. साहेब मात्र रिकामी परात मांडीवर घेऊन बसलेले. आधी त्यांनी तूरडाळ मागितली, मग शेंगदाणे, मग साबुदाणा. साबुदाण्यात काय निवडायचं, सांगा! खडेच नसतील तर माणसाने शिकायचं कशातून, असं एकदा माझ्याशी तावातावाने बोलले. मी हसून दार लावलं.

हळूहळू मागणं थांबलं. खुर्ची आत गेली. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लटकलेली दिसायला लागली. एकदा जिन्यात भेटले तर शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. मला काही ते बघवेना.

कॅम्प दोनला जाऊन मी दुकानदाराकडे बिना साफ केलेला तांदूळ मागितला. त्याने गल्ल्यावरून मान वर करून विचारलं, "भाभी, तबियत ठीक है ना?"

शेवटी समोरच्या बांधकामाच्या वाळूतून मूठभर खडे वेचले आणि चांगल्या तांदळात स्वतःच्या हाताने कालवले. ह्यांनी कपाळावर हात मारला. मी परात घेऊन साहेबांचं दार वाजवलं, म्हटलं, पाड्यावरचे आहेत, जरा बघता का? त्यांनी परात घेतली.

संध्याकाळी परत द्यायला आले तेव्हा दाढी केलेली होती. परातीत तांदूळ, आणि हातात औषधाची रिकामी बाटली, खड्यांनी भरलेली.

"धुऊन ठेवलेत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी हेच टाका वहिनी. वाळू नको, बारीक कण तांदळात राहतात."

मला तोंड कुठे लपवू असं झालं. ते मात्र चौकटीला धरून तसेच उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण आणा हां. दिवस दिवस कोणी दार वाजवत नाही."

मी बाटली घेतली आणि म्हटलं, "उद्या सकाळीच आणते."