दवऱ्यात सांडलेली कॉफी

तुक्कोजीराव माणसाची भीती कॉफीवर मोजतात. त्यांच्या भुताच्या खेळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पितळी पेल्यात कॉफी मिळते. पेल्याखाली पसरट वाटी असते, तिला इथे कुंभकोणमला दवरा म्हणतात. हात थरथरून कॉफी दवऱ्यात सांडली की पाहुणा खूश, असं धरायचं. नाही सांडली तर तुक्कोजीराव त्याला पुन्हा आत पाठवतात. "पयम आलं नाही, मणजे आमचंच चुकलं," म्हणतात. पयम म्हणजे भीती. त्यांच्या तंजावरी मराठीत तमिळ अशी सहज मिसळलेली असते.

मी बँकेच्या बदलीने इथे आलो आणि त्यांचा शेजारी झालो. खेळ जुन्या भातगिरणीत, तोही फक्त दुपारी. बारा ते चार देवळं बंद, यात्रेकरू नुसते घाम पुसत बसलेले. "देव निजले की आमचं भूत उठतं," हे तुक्कोजीरावांचं लाडकं वाक्य. आत काळोख, पायाखाली तूस, मानेवर ओला पंचा आणि मग कानाशी भूत. भूत अर्थात ते स्वतःच, आणि ते मराठीत बोलतं. न कळणाऱ्या भाषेचं पयम जास्त, असा त्यांचा सिद्धांत. चांगले मिशाळ तरुण किंचाळत बाहेर येतात आणि पुढच्या आठवड्यात मेव्हण्याला घेऊन येतात.

मीही एकदा आत गेलो. काळोखात घोगरा आवाज आला, "कोठं होतां इतका वेळ? जेवलांत की?"

मी खो खो हसलो. तुक्कोजीराव असे दुखावले की मला आत जायची कायमची बंदी झाली आणि दर रविवारी कॉफी ओतायचं काम गळ्यात पडलं.

गेल्या रविवारी तिरुनागेश्वरमहून एक आजीबाई नातवंडांना घेऊन आल्या. नातवंडं रडवेली होऊन पळत बाहेर आली. आजीबाई मागून सावकाश, पदराने मान पुसत. त्यांनी कॉफी संपवली, दवरा कोरडा ठणठणीत. बाईंचे गुडघे आधीच दुखत होते आणि आता हा गृहस्थ त्यांना परत आत पिटाळणार.

तोंडाला राख फासलेले तुक्कोजीराव बाहेर आले. दवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आजीबाईंना वाकून नमस्कार केला, रिक्षापर्यंत पोचवलं आणि परत येऊन माझ्याकडे कॉफी मागितली. त्यांच्या हातून ती पेल्यात कमी राहिली आणि दवऱ्यातच जास्त गेली.

काय झालं, मी विचारलं. ते म्हणाले, भुताचं ते वाक्य मुळात त्यांच्या बायकोचं. घरी आलं की ती दारातच तसं विचारायची. ती गेली, मुलगा चेन्नईत, नातवंडं तमिळच बोलतात. घरात ते वाक्य म्हणायला कुणी उरलं नाही, म्हणून काळोखात म्हणायचं. आजवर ऐकणारे सगळे ओरडत पळाले होते, एक मी तेवढा हसलो होतो.

"ह्या बाई थांबल्या," ते म्हणाले. "जेवली म्हणाल्या, आमच्याच मराठीत. मग मलाच विचारलं, तुम्ही जेवलांत की?"

घड्याळात तीन वाजून गेले होते आणि ते जेवले नव्हते. मी त्यांचा हात धरला, गिरणीला कुलूप लावलं आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, भूत जेवायला गेलंय.