बर्फाच्या कारखान्याचे मालक

परातीत पाणी घेऊन त्यावर भाजलेले पापड तरंगत ठेवणारा, परातीची कड बोटाने हलवत राहणारा आणि पापड मोडले की पट्टीने तुकडे मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पापड भिजून लोळागोळा झाला की तो म्हणतो, "उन्हाळा आला."

हे आमचे शेजारी, भानुदास डॉक्टर. जिन्यात कुणी गुडघेदुखी सांगू लागलं की ते सगळं सहानुभूतीने ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "मी लाटांचा डॉक्टर आहे."

ते 'पोस्टडॉक' आहेत. म्हणजे शिक्षण संपलंय, पण कायमची नोकरी अजून लागायचीय. परदेशातल्या एका विद्यापीठासाठी ते चिंचवडच्या दोन खोल्यांत, दार लावून, संगणकावर समुद्र चालवतात. ध्रुवाजवळ समुद्र गोठतो. खुल्या पाण्यातली लाट त्या बर्फाखाली शिरते, बर्फ फोडते आणि फोडता फोडता स्वतःच थकते. ती किती आत जाऊन थकते, याचं गणित ते सात वर्षं मांडतायत. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मी सात वर्षं एकच पार्ट तपासत बसलो असतो तर साहेबांनी मला कधीच गेटबाहेर काढलं असतं.

चाकणच्या चौकात एखाद्या ट्रकने ब्रेक मारला आणि मागे रांग अडत गेली, की माझ्या गाडीवर बसलेले हे शिव्या द्यायचं सोडून मागे वळून बघतात. "लाट आत किती गेली बघा, राव!" मग दोघांच्या वाटच्या शिव्या मलाच द्याव्या लागतात.

त्यांच्या आई गोदाकाकू मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. मुलगा काय करतो, असं भावकीने विचारल्यावर काकूंनी बेधडक सांगून टाकलं, "बर्फाचा कारखाना हाय त्याचा." झालं! लगीनसराईत फोन सुरू. "भानुदादा, हळदीला आठ लाद्या पाठव."

पहिला फोन आला तेव्हा मी समोरच होतो. मला वाटलं, आता खुलासा करतील. त्यांनी विचारलं, "किती वाजता पाहिजेत?" मग टेम्पो करून आम्ही पिंपरीत सलीमभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात. तिथे डॉक्टर लादीवरून हात फिरवत, समुद्राच्या बर्फात खारं पाणी कसं अडकून राहतं ते सांगू लागले. सलीमभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, बर्फ ले जाना है, या इसका रिश्ता तय करना है?"

परतताना मी वैतागून म्हणालो, "आईला खरं सांगून टाका ना."

"सांगितलं होतं. सगळं ऐकलं तिने. मग विचारलं, 'पर त्ये कुणाच्या कामाला येतं?' मला चटकन सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यापासून ती कारखाना सांगायला लागली. तिला खरंच तसं वाटतं." लादीवरचं गोणपाट नीट करत ते म्हणाले, "चार माणसांत तिची मान खाली जायला नको, राव."

गेल्या उन्हाळ्यात असंच एका भाचीच्या हळदीला आम्ही लाद्या उतरवल्या. डॉक्टर घामाघूम झाले होते, पण पोराटोरांत खुशीत होते. तेवढ्यात त्यांचा वाकडचा आयटीवाला पुतण्या मोबाइल नाचवत आला. "काका, नेटवर सापडलात! कारखाना बिरखाना काही नाही तुमचा. थांबा, आजीलाच दाखवतो."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अडवा त्याला!"

मी धावलो. पण सुटलेलं पोट घेऊन माणूस मंडपातल्या खुर्च्यांमधून किती धावणार! मी पोचलो तोवर पोराने सगळं सांगून टाकलं होतं आणि बायका कान टवकारून बसल्या होत्या.

काकूंनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याचाच कारखाना हाय. मला जास्ती म्हाईत का तुला? जा, सरबत पी."

बायका पांगल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "कारखाना न्हाई, हे मला ठावं न्हाई व्हय, भाऊ? पोरगं दार लावून बसतं. आधी लग्नाकार्याला बोलावलं, तर काम हाय म्हणायचं. लोक इचारत्यात, पगार किती, लगीन कधी. म्हणून तोंड चुकवायचं. आता बर्फ सांगितला की धावत येतं. चार माणसांत बसतं, जेवतं. मीच सांगते समद्यांना, बर्फ भानूकडूनच मागवा."

मी डॉक्टरांकडे जायला उठलो.

"त्याला सांगू नगा," काकू म्हणाल्या. "आन् पुढच्या महिन्यात बारसं हाय. दोन लाद्या लागतील."

"बारशाला बर्फ कशाला, काकू?"

"लागतो."

बाहेर डॉक्टर मंडपाचा खांब धरून उभे होते. "कळलं का तिला?"

"छे! त्यांनी पोरालाच झापलं," मी म्हणालो. "उलट कुठल्याशा बारशाच्या दोन लाद्या सांगितल्यात."

डॉक्टरांनी हुश्श केलं. "बारसं? कुणाकडे?"

ते विचारायचं मी विसरलो होतो. मग डॉक्टर स्वतःच आत गेले आणि विचारत विचारत बायकांच्या घोळक्यात शिरले.